वार्निश वाळेपर्यंत

मी भूल देते. पंचवीस वर्षं झाली, जालन्यात हेच करते आहे. स्वतःचा दवाखाना नाही, पाटी नाही, दारात चपलांचा ढीग नाही. स्कूटीच्या डिकीत माझी बॅग असते आणि पर्समध्ये फोन. फोन वाजतो, पलीकडून कुणीतरी म्हणतं, "मॅडम, केस आहे, या," आणि मी जाते. सकाळी एका ठिकाणी सिझर, दुपारी दुसरीकडे हर्निया, मधल्या वेळात डब्यातली पोळी स्कूटीला टेकूनच. ऑपरेशन कोणतं, कधी, कसं, हे मी पोचायच्या आधी ठरलेलं असतं. नातेवाइकांची सही झालेली असते, सर्जन हात धुऊन उभे असतात. लग्न ठरल्यावर आचाऱ्याला बोलावतात, तारीख काही त्याला विचारून धरत नाहीत. आमच्या गावात भूल देणाऱ्याची पद्धत तीच.

नातेवाईक मला "सुई देणाऱ्या बाई" म्हणतात. पेशंटला तर मी आठवतच नाही. त्याला आठवतो तो छताचा दिवा, आणि मग एकदम सर्जनचा चेहरा. मधला सगळा वेळ माझा असतो आणि तो त्याच्या डोक्यातून मीच पुसलेला असतो. याचं वाईट वाटून घेणं मी फार पूर्वी सोडलं. राग मात्र सोडला नाही. राग अजून माझ्या कामाला येतो.

त्या बुधवारी अकराच्या सुमाराला नवीन जालन्यातल्या हाडांच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्याकडे मी बारा वर्षं जाते. माणूस चांगला आणि हात त्याहून चांगला. मांडीत रॉड टाकायला जिथे बाकीच्यांना दीड तास लागतो तिथे यांचं पाऊण तासात आटोपतं. सगळ्या गावाला हे माहीत आहे, आणि त्यांनाही माहीत आहे, हाच काय तो त्यांचा दोष.

"मॅडम, वाटूर फाट्यावरचा ॲक्सिडेंट. दोन्ही मांड्या मोडल्यात. आत्ताच दोन्हीकडे रॉड टाकून घेऊ. या."

पेशंट चौतीस वर्षांचा. वाटूरला त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान, म्हणजे विहिरी-बोअरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची. जालन्यातून तांब्याची तार घेऊन मोटारसायकलवर परत निघाला होता. फाट्याला वळताना ट्रकनं उडवलं. ॲम्ब्युलन्सनं त्याला उलट जालन्याला आणलं, आणि तारेचं भेंडोळंही कुणीतरी सोबत पाठवलं होतं. ते स्ट्रेचरखाली पडलेलं होतं.

मी आधी त्याच्या मांड्यांकडे पाहिलंच नाही. त्या कशा आहेत हे सांगायला सगळे होतेच. मी पाहिला त्याचा श्वास. डाव्या बरगड्या चारपाच ठिकाणी तुटलेल्या, श्वास घेताना छाती फुगायच्या ऐवजी तेवढा भाग आत जात होता. छातीत नळी टाकलेली होती, तिच्यातून रक्त येत होतं. हातपाय थंड, ओठ पांढरे. दोन पिशव्या रक्त चढवल्यावर बीपी शंभरावर आलं होतं आणि त्याच आकड्याकडे बोट दाखवून सर्जन म्हणाले, "आलंय बीपी. चला, घ्या आत."

मी म्हटलं, "सर, मी याला रॉडसाठी भूल देणार नाही."

ओटीतली, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली, सिस्टर हातातला ट्रे घेऊन तशीच थांबली. या गावात भूल देणारा "नाही" म्हणत नाही. फार तर "रिस्क आहे, लिहून घ्या" म्हणतो. मीही इतकी वर्षं तेच म्हणत आले होते.

मी का अडले, ते सांगायला मागे जावं लागेल. प्रॅक्टिसची दुसरी-तिसरी वर्षं होती. दुसऱ्याच एका दवाखान्यात असाच एक जण आला होता, जीपचा ड्रायव्हर. दोन्ही मांड्या, छातीला मार. ते सर्जन आता जालन्यात नाहीत. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन्ही रॉड टाकायचे ठरवले आणि मी भूल दिली. मांडीचं हाड आतून पोकळ असतं. रॉड त्या पोकळीत बसवायचा तर आधी ती आतून कोरून मोकळी करावी लागते. कोरताना आतली चरबी दाबली जाते, रक्तात मिसळते, आणि थेट फुफ्फुसात जाऊन बसते. फुफ्फुस धडधाकट असेल तर सोसतं. ज्याचं फुफ्फुस आधीच ठेचलेलं आहे, त्याला हा दुसरा मार असतो. त्या दिवशी पहिल्या मांडीत कोरणी फिरली आणि ऑक्सिजनचा आकडा उतरायला लागला. मी अगदी हळू आवाजात म्हटलं, "सर, सॅच्युरेशन पडतंय." ते म्हणाले, "दहा मिनिटं." दुसरी मांडी पण झाली. एक्स-रे असा सुरेख आला की सगळ्यांनी तो उजेडाला धरून पाहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो माणूस श्वास न पुरून गेला.

त्याचा बाप बाहेर बाकावर बसलेला होता. एक्स-रेचं मोठं पाकीट त्याच्या मांडीवर होतं. मी जवळून जात होते, तर त्यानं मला थांबवलं. चिडून नव्हे, अगदी खरं जाणून घ्यायचं होतं त्याला. म्हणाला, "मॅडम, हाडं तर बराबर बसली होती ना?" मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? हाडं बरोबरच बसली होती. त्या "हो"ची लाज मला आजही वाटते. माझा दोष भूल देण्यात नव्हता. मी हळू आवाजात बोलले, तो माझा दोष.

म्हणून त्या बुधवारी मी हळू बोलले नाही. सर्जन मला कोपऱ्यात घेऊन गेले. "मॅडम, मांड्या अशाच लटकत ठेवू? त्यानं पण माणूस जातो. पुस्तकात लिहिलंय, हाड लवकर बांधा."

"बांधा म्हणतंय, सर. आतून कोरा असं नाही म्हणत. बाहेरून बांधा."

बाहेरून बांधणं म्हणजे फिक्सेटर. मोडलेल्या जागेच्या वर आणि खाली कातडीतून हाडात दोन-दोन खिळे घालायचे आणि बाहेर एका दांडीला आवळून टाकायचे. अर्ध्या तासाचं काम, रक्त फारसं जात नाही. दिसायला ओबडधोबड, गवंड्याच्या परांचीसारखं. एक्स-रेही काही कौतुकानं पाहण्यासारखा येत नाही. पण हाड हलायचं थांबतं, दुखणं कमी होतं, माणसाला उठवून बसवता येतं. मग शरीर सावरलं की रॉड.

मी काही "थांबा थांबा" म्हणणाऱ्यातली नाही, हेही सांगते. ज्याचं रक्त, श्वास, लघवी सगळं जागेवर आहे, त्याला पहिल्याच दिवशी रॉड पडावा, दुसऱ्या दिवशी त्यानं पलंगावर बसून चहा प्यावा, याच मताची मी आहे. अशांना मी हसत भूल देते. पण आलेलं बीपी वेगळं आणि टिकलेलं बीपी वेगळं. याचं आत्ताच कुठे आलं होतं.

"मी दुसऱ्या कुणाला बोलावू का मग?" सर्जन म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"बोलवा. पण येणाऱ्याला हा छातीचा फोटो मी स्वतः पाठवते. बघून येऊ दे त्याला."

जालन्यात भूल देणारे मोजके. सगळे एकमेकांना ओळखतात. सर्जननी फोन हातात घेतला, पाहिलं, परत खिशात ठेवला. मग अर्धा तास फिक्सेटर, त्यातही मी घड्याळ बघत होते. दोन्ही मांड्या बाहेरून आवळल्या आणि पेशंटला व्हेंटिलेटरवर आयसीयूत नेलं.

खरी लढाई बाहेर होती. पॅसेजमध्ये वाटूरची तीस-पस्तीस माणसं. सगळ्यात पुढे पेशंटचा थोरला भाऊ, शेती करणारा, गावात ज्याचा शब्द चालतो असा. त्याला वाटलं होतं, रॉड टाकून आम्ही बाहेर आलो.

"झालं का आपरेशन?"

सर्जननी माझ्याकडे पाहिलं. म्हटलं चला, आता हेही माझ्याच गळ्यात. मी सांगितलं की आज फक्त बाहेरून बांधलंय, रॉड सात-आठ दिवसांनी.

"सात-आठ दिवस? कामून?" त्याचा आवाज चढला. "पुढच्या बुधवारी आमावस्या हाय. त्याच्या आत उरकायला पाहिजे सगळं. आन तुम्ही भूल देनाऱ्या ना? मंग तुम्ही काय सांगून राह्यल्या? डाक्टरला बोलू द्या."

"भूल देणारीच बोलतेय. भूल मी द्यायचीय ना?"

सगळे सर्जनकडे पाहायला लागले. ते खाली मान घालून म्हणाले, "मॅडम म्हणतात ते बरोबर आहे." एवढं म्हणाले, तेही उपकार.

या गर्दीच्या मागे पेशंटची बायको भिंतीला टेकून उभी होती. डोक्यावर पदर, रडणं नाही. तारेचं ते भेंडोळं तिनं स्ट्रेचरखालून काढून स्वतःजवळ घेतलं होतं. गर्दी पांगल्यावर ती पुढे आली. तिच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. टोकांना पिवळे-तपकिरी डाग आणि कातडी जाड झालेली. मला वाटलं, हळद असेल.

"मॅडम, आज कामून न्हाई, मला समजून सांगा. मी रागावत न्हाई."

दिवसभरात मला कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. बाकीच्यांनी नुसते जाब विचारले होते. मी तिला सांगितलं. म्हटलं, बाई, हाड काही पळून जात नाही. पण तुझ्या नवऱ्याच्या छातीला मार बसलाय, खूप रक्त गेलंय, अंग आतून थकलंय. आत्ता मांडी कोरली तर त्याचा ताण फुफ्फुसावर येईल, आणि ते झेपायचं नाही. आतलं सगळं थोडं थाऱ्यावर येऊ दे, मग टाकू.

ती म्हणाली, "म्हंजी वार्निश वाळू द्यायचं."

मला कळलं नाही. तिनं बोटांची टोकं पुढे केली. दुकानात दोघं मिळून काम करत. तो मोटार उघडायचा, ती तार भरायची. तार भरून झाली की वरून वार्निश सोडतात, ते सगळं आत मुरून वाळावं लागतं. मोटार उन्हात ठेवायची, ऊन नसेल तर तिच्या पोटात दोनशेचा बल्ब लावून ठेवायचा. "गिऱ्हाईक उभंच ऱ्हातं उरावर. जल्दी द्या, जल्दी द्या, पानी द्यायचंय. ह्यांनी एकडाव दिल्ती वली मोटार. करंट दिला का भक्कन जळाली. समदी तार वाया गेली." तिनं हात पदराला पुसले, डाग काही जाणारे नव्हतेच. "वरून बघितलं तर मोटार एकदम बराबर दिसती, मॅडम. आतून वली आसती."

पंचवीस वर्षं मी हे डॉक्टरांना समजावत आले आहे, पण इतकं नीट मलाही कधी सांगता आलं नव्हतं.

दुसरा आणि तिसरा दिवस वाईट गेले. जातात, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि उभ्यानं पाहणं यात फार अंतर असतं. अंगावर सूज चढली, ऑक्सिजन वाढवत न्यावा लागला. गावाकडची माणसं भेटायला येत, शहाळी आणत, बिस्किटाचे पुडे आणत, आणि पहिला प्रश्न एकच, "आजून आपरेशन न्हाई झालं?" जणू ऑपरेशन न होणं ही घराण्याची बेइज्जतीच होती. जो तो जाताना संभाजीनगरच्या एका डॉक्टरचं नाव सांगून जाई. थोरल्या भावाला ते ऐकवेना. तिसऱ्या दिवशी दुपारी तो ॲम्ब्युलन्सच घेऊन आला.

"तिकडं फोनवर बोल्लोय. आजच टाकतो म्हनले रॉड. सुट्टी द्या आमाला."

फोनवर. छातीचा फोटो न पाहता, पेशंट न पाहता, फोनवर. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, जाऊ द्या आता. नाहीतर आजच टाकून टाकू आपण. बीपी चांगलं आहे की."

"सर, आज तिसरा दिवस आहे. आज त्याची फुफ्फुसं सगळ्यात वाईट आहेत. आज टाकला तर आपण मारू, आणि रस्त्यात व्हेंटिलेटर बंद पडला तर ॲम्ब्युलन्स मारेल."

"आणि इथेच गेला तर?"

तो इथेच गेला असता तर माझ्याच नावानं गेला असता. अडवणाऱ्या बाईमुळे गेला, असं वाटूरपासून अंबडपर्यंत झालं असतं, आणि खरंखोटं कुणी तपासलं नसतं. रॉड टाकून मेला तर नशीब, थांबून मेला तर डॉक्टर. मी घाबरले होते, साफ घाबरले होते. पण घाबरून "दहा मिनिटं" ऐकायचे दिवस माझे संपले होते.

सुट्टीच्या कागदावर बायकोची सही लागते. सिस्टरनं कागद पुढे केला. भाऊ म्हणाला, "कर सही." तिनं पेन हातात घेतलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"मी न्हाई करत, दादा."

"येडी झाली का? तुला काय समजतंय त्यातलं?"

"वल्या मोटारीचं समजतंय मला." ती म्हणाली. "घाई करनाऱ्याची मोटार दोनदा जळती. तुमची पन जळल्ती, दादा, याद करा."

पॅसेजमधले दोघं-तिघं हसले. भावाचा चेहरा उतरला. ॲम्ब्युलन्स रिकामी परत गेली आणि तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला त्याचं काही विशेष दुःख झालं नाही.

चौथ्या दिवशी सूज थांबली. पाचव्या दिवशी लघवी भरपूर झाली, ऑक्सिजन कमी करता आला. सहाव्या दिवशी व्हेंटिलेटरची घशातली नळी काढली आणि तो पहिलं वाक्य बोलला, "तार कुठंय?" बायकोनं पिशवीतून भेंडोळं काढून दाखवलं आणि मग मात्र ती रडली. सातव्या दिवशी तो नाकातल्या ऑक्सिजनच्या बारीक नळीवर पलंगावर टेकून बसला होता. त्याच संध्याकाळी पट्टी बदलताना सर्जननी मला बोलावलं. फिक्सेटरच्या एका खिळ्याच्या तोंडाशी कातडी लाल दिसत होती. पू नव्हता, नुसती लाली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिथे जंतू बसले आणि हाडापर्यंत गेले, तर मग त्या मांडीत रॉड टाकणं महिनोन्‌महिने लांबतं. आता ताटकळत बसायची वेळ सरली होती.

"उद्या," मी म्हटलं.

"उद्या अमावस्या आहे, मॅडम."

आमच्याकडे अमावस्येला ओटी रिकामी असते. सिझर, अपेंडिक्स, जे अडतं तेवढं होतं. ठरवून करायच्या केसेस कुणी लावत नाही, कारण लावली तरी पेशंट येत नाही. काही सर्जन त्या दिवशी बायकोला घेऊन पैठणला जाऊन येतात. मी त्या दिवशी घरची जळमटं काढते.

बुधवारी सकाळी भाऊ पुन्हा पुढे. म्हणाला, "आज बिलकुल न्हाई. आठ दिस तुम्ही थांबवलं, आम्ही थांबलो. आता आमी सांगतो एक दिस थांबा."

मी त्याला लाली दाखवली. एका दिवसानं काय बिघडेल हे मला ठाऊक नव्हतं. कदाचित काहीच नाही. पण आज तो भूल सोसू शकत होता आणि आज हाड स्वच्छ होतं. उद्याचं कुणी पाहिलंय?

भाऊ म्हणाला, "मॅडम, तुमच्यात चालत आसंल. आमच्यात न्हाई चालत."

आमच्या भागात आडनाव कळलं की माणसाचं बाकीचं सगळं लोक स्वतःच भरून घेतात. त्यानं ते शिवी म्हणून म्हटलं नसेलही. मला ते जिथे लागायचं तिथेच लागलं. माझे वडील अंबडला शाळेत शिकवायचे. तिथीवार, मुहूर्त, सगळं आजोबांनी धम्म घेतला त्याच दिवशी घराबाहेर ठेवलं. आमच्या घरी अमावस्येला मुद्दाम पुरण घालायचे. लहानपणी मला वाटायचं अमावस्या म्हणजे सणच.

"चालतं आमच्यात," मी म्हटलं. "अमावस्येला भूल देते, पौर्णिमेला देते. पहिल्या दिवशी तुम्ही सगळे हो म्हणत होतात तेव्हा मी नाही म्हटलं. आज तुम्ही नाही म्हणताय, मी हो म्हणतेय. दोन्ही वेळा मी कॅलेंडर पाहिलं नाही. त्याची छाती पाहिली. तुम्हाला तुमच्या भावाची छाती बघायची असेल तर चला आत."

तो जागचा हलला नाही. तेवढ्यात मागून बायको आली. तिनं कागद सिस्टरच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

"दादा, मोटार वाळली का द्यायची आसती. आमावस्या हाय म्हनून आपन कोनाची मोटार ठिवून घेतली का कधी?" आणि उभ्या-उभ्या, भिंतीवर कागद धरून तिनं सही केली. पेन चालेना तर दोनदा झटकलं.

ओटीत पहिली मांडी झाली तेव्हा सदतीस मिनिटं झाली होती. कोरणी आत गेली तेव्हा माझे डोळे मॉनिटरवरून हलले नव्हते. आकडा शहाण्णव, मग चौऱ्याण्णव, पुन्हा शहाण्णव. सर्जननी शेवटचा स्क्रू आवळला, आणि एवढ्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. हात वर धरून थांबले. कोरणी टेबलावरच ठेवलेली. माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, दुसरी?"

मी घाई केली नाही. रक्ताचा नमुना काढला, रिपोर्ट येईपर्यंत सगळ्यांना उभं ठेवलं. सिस्टरचा पाय अवघडला, ती पाय बदलत राहिली. त्या वेळात मला तो बाकावरचा बाप आठवला, मांडीवरचं ते पाकीट आठवलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मास्कमुळे कुणाला दिसलं नाही. रिपोर्ट चांगला आला.

"करा," मी म्हटलं, मोठ्यानं.

चार महिन्यांनी आमच्या घरची बोअरची मोटार जळाली. जालन्यात वायंडिंगवाले पुष्कळ आहेत, पण मी ती गाडीत टाकली आणि वाटूरला गेले. दुकानासमोर तो स्टुलावर बसला होता, शेजारी काठी. बायको आत खाली बसून तार भरत होती. आणि दारात कोण उभा? थोरला भाऊ. त्याचीच मोटार टेबलावर उघडी पडली होती, पोटात बल्ब लावलेला.

"आजच दे ना. तूर वाळून राह्यली माझी."

"वाळलं न्हाई, दादा," आतून उत्तर आलं.

भावानं मला पाहिलं. हसला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही तरी सांगा की हिला."

"मी भूल देणारी. मला काय विचारता?"

तो खाली बाकड्यावर बसला आणि माझ्यासाठी चहा सांगितला. पेशंट मात्र माझ्याकडे टकामका बघत होता. काठी टेकून तो उठला, दोन्ही पायांवर सरळ उभा राहिला, गिऱ्हाईकाला करतात तसा मला नमस्कार केला. त्याच्या डोळ्यांत ओळखीचं काहीच नव्हतं. कसं असेल? त्याच्या त्या आठ दिवसांत माझा चेहरा कुठेच नव्हता. त्यानं आत वळून बायकोला विचारलं, "ह्या कोन?"

तिनं तार खाली ठेवली, हात पदराला पुसले.

"न्हाई म्हनल्त्या ना, त्या ह्या."